आभाराचा केक

आमच्या ह्यांच्या हातचा केक आमच्याच विरुद्ध कोर्टात उभा राहील, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला लाटण्यानं हाणलं असतं. पण झालं ते तस्सं झालं.

आमची बेकरी आहे. हे भट्टीवर आणि मी गल्ल्यावर. गिऱ्हाइकाशी गोड बोलायला हे आहेत, अर्धा पाव खाऊन उरलेला शिळा म्हणून परत आणणाऱ्याशी बोलायला मी. वस्तीत म्हणतात बेकरीवालीची जीभ म्हणजे कात्री. म्हणू देत. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतो, महिन्यात चार दिवस घरी दिसला तर दिसला. म्हणजे घरात आम्ही दोघं आणि सूनबाई. ती सरकारी हॉस्पिटलात टेलिफोन बोर्डावर बसते. लहानपणीच्या आजारानं तिचे पाय अधू झाले, दोन कुबड्यांवर चालते. चालते म्हणजे काय, आपण नुसतं बघत राहावं अशी चालते. घाई नाही, कण्हणं नाही, आणि कुणी हात पुढे केला की म्हणते, “राहू दे, माझी लय मोडते.”

वस्ती आणि हमरस्ता यांच्या मधोमध बाटल्यांचा कारखाना आहे. त्याच्या दोन भिंतींमधून एक सपाट बोळ जातो. दूधवाला त्याच बोळातून यायचा, शाळेची पोरं त्यातूनच जायची, आणि सूनबाई त्याच बोळातून हमरस्त्याला लागून पलीकडच्या हॉस्पिटलात. कारखाना नव्हता तेव्हा तिथं वीटभट्टीचं मोकळं मैदान होतं आणि मैदानातून हीच पायवाट जायची. कारखान्यानं भिंती बांधल्या, वाट तेवढी सोडली, टोकाला एक फाटक लावलं आणि ते सताड उघडं ठेवलं.

आता आमचे हे पडले रहिवासी समितीचे अध्यक्ष, आणि स्वभावानं लोण्याचा गोळा. “एवढ्या मोठ्या लोकांनी आपल्यासाठी वाट सोडली,” असं म्हणून दर वर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनाला ते तीन मजली केक करायचे. वर स्वतःच्या हातानं क्रीमची अक्षरं काढायचे, ‘वाट दिल्याबद्दल वस्ती आभारी आहे’. मग समितीची चार डोकी इस्त्रीचे शर्ट घालून केक घेऊन जायची, फोटो निघायचा.

मी दर वर्षी भांडायचे. “अहो, वाट काय त्यांच्या बापानं दिली? सासरे वीटभट्टीच्या काळापासून तिथून जात होते.”

“अगं, चार गोड शब्दांनी आपलं काय झिजतं?” हे म्हणायचे आणि क्रीमची पिशवी पिळत राहायचे.

कारखान्यात नवा मॅनेजर आला आणि एका सकाळी फाटकाला कुलूप लागलं. वर पाटी: ‘खासगी मालमत्ता’. त्याला म्हणे बोळात माल ठेवायचा होता. सूनबाई फाटकापर्यंत गेली, पाटी वाचली आणि तशीच वळून दुसऱ्या वाटेला लागली. दुसरी वाट म्हणजे कालव्यावरचा लोखंडी पूल. त्याच्या पायऱ्या अशा उभ्या, की धडधाकट माणूसही वर पोचल्यावर कठडा धरून देवाचं नाव घेतो. त्या पायऱ्या ती कुबड्या टेकत चढली आणि उतरली. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या तळव्यांना फोड आले होते.

माझं डोकं फिरलं. समोरचा वेल्डर तर गॅसकटर घेऊनच आला. “काकी, दोन मिनिटांचं काम आहे. कुलूप काय, फाटकच आडवं करतो.”

“कर!” मी म्हटलं. “मी धरते नळी.”

“आई, थांबा,” सूनबाई म्हणाली. ती तळव्यांना मलम लावत होती. “हॉस्पिटलच्या बोर्डावर मोफत कायदा केंद्राचा नंबर आहे. रोज कुणाकुणाला जोडून देते मी. एकदा आपल्यासाठीही लावून बघते.”

“कोर्ट?” हे घाबरले. “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.”

“बाबा, पायऱ्या मला चढायच्याच आहेत,” ती म्हणाली. “निदान उपयोगाच्या तरी चढू.”

वकीलबाई दुसऱ्याच संध्याकाळी आल्या. वयानं माझ्या लेकीसारख्या, पण बोलणं टोकदार. मला तिथंच आवडल्या. बेकरीत मैद्याच्या पोत्यांवर वस्ती बसली होती, बाई मधल्या स्टुलावर. मी पुढे ठेवलेली बिस्किटं खात त्या प्रश्न विचारत होत्या. वाट किती जुनी? कोण कोण जायचं? उघड जायचं की चोरून? कधी मारामारी? आणि मग, “जाण्यासाठी कुणाची परवानगी मागितली होती का कधी?”

“छे!” मी म्हटलं. “कोण मागतंय परवानगी?”

तेवढ्यात आमचे हे उठले, गल्ल्यावरच्या भिंतीवरचा फ्रेम केलेला फोटो काढून घेऊन आले आणि कौतुकानं बाईंच्या हातात दिला. “परवानगी नाही, पण आभार मात्र दर वर्षी मानले हो आम्ही. बघा.”

बाईंनी केकवरची अक्षरं वाचली. हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

“काका,” त्या म्हणाल्या, “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. जमीन दुसऱ्याची असली तरी एखाद्या वाटेनं लोक वर्षानुवर्षं उघडपणे, भांडणतंटा न करता, कुणाला न विचारता, आपलीच वाट म्हणून जात असतील, तर कायदा त्या वाटेवर त्यांचा हक्क मानतो. मालक बदलला तरी तो जात नाही. पण तेच लोक मालकाच्या मेहेरबानीनं जात असतील, तर तो हक्क नव्हे, उपकार. आणि उपकार करणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो.

ह्यांचा चेहरा मैद्याच्या पोत्यासारखा झाला. “म्हणजे मी केक करून करून वाट घालवली?”

एरवी मी हा मोका सोडला नसता. पण त्यांच्याकडे बघून मी नुसती बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

“थांबा, रडू नका,” बाई म्हणाल्या. “पहिला केक कधी केलात?”

“कारखाना सुरू झाला त्या वर्षी.”

“आणि त्याआधी वीटभट्टीच्या मालकाला काही दिलंत? केक, पाव, खारी?”

“त्याला?” मी म्हटलं. “तो बाबा कुणाशी धड बोलायचाही नाही. वाटेत विटा रचल्या तर आम्हीच उचलून बाजूला ठेवायचो.”

बाईंनी बिस्किट परत उचललं. “मग जमेल. कारखाना यायच्या आधीच तुमचा हक्क पिकला असेल, तर नंतरच्या केकनं तो नासत नाही. पण ते आपल्याला सिद्ध करावं लागेल. आणि आजपासून तीन गोष्टी. तोडायचं काही नाही. मागायचं काही नाही. आणि फुकट दिलेलं घ्यायचं काही नाही.” हे म्हणताना त्यांनी वेल्डरकडे असं बघितलं, की त्यानं गॅसकटर पोत्यामागे सरकवला.

अख्ख्या वस्तीच्या वतीनं एकाच्या नावानं दावा लावता येतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. नाव कुणाचं द्यायचं? सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. अध्यक्ष छताकडे. सूनबाई म्हणाली, “माझं घाला.”

त्या दिवसापासून बेकरीचा रंगच पालटला. इतकी वर्षं समितीची सभा म्हणजे चहा आणि एकमेकांची उणीदुणी. आता एकेकजण उठून वाटेबद्दल त्याला काय आठवतं ते सांगायला लागला. सुईणबाईनं सांगितलं, त्या मैदानातून ती कंदील घेऊन बाळंतपणाला जायची. वेल्डरच्या वडिलांनी सांगितलं, त्यांची वरात त्याच वाटेनं आली आणि बँडवाला विटांच्या ढिगात पडला. बाई कुणाला काही पढवायच्या नाहीत. “जे आठवतं तेवढंच. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, आभाळ नाही कोसळत.” वेल्डर पोरांना घेऊन पालिकेत गेला आणि माहिती मागायचा कायदा आहे त्याप्रमाणे अर्ज करून वस्तीचा जुना नकाशा मिळवून आला. कारखान्याच्या आधीचा तो नकाशा, आणि त्यात आमची पायवाट, तुटक रेघेची. वेल्डरनं तो बेकरीत टेबलावर पसरला आणि त्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. जन्मभर सरकारी कचेरीत ह्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि आता तिथल्या कारकुनानं ह्याच्या अर्जाला उत्तर दिलं होतं.

पण फाटक बंदच होतं, आणि कोर्टाचं घोडं पेंड खात होतं. सूनबाई रोज पूल चढत होती. पावसाळी हवेत एका सकाळी कुबडी निसटली आणि ती पाच-सहा पायऱ्या खाली आली. हनुवटीला टाके पडले, मनगट सुजलं. तिला वस्तीतल्या शिंप्यानं रिक्षातून घरी आणलं. मी तिचं तोंड पुसत बसले.

त्याच आठवड्यात मॅनेजर स्वतः बेकरीत आला. गुळगुळीत दाढी, गोड आवाज. “ताईंचं कळलं. फार वाईट वाटलं हो. आम्हीही माणसंच आहोत.” त्यानं खिशातून निळ्या फितीचं एक कार्ड काढलं. “हे गळ्यात अडकवायचं. वॉचमनला दाखवलं की तो फाटक उघडेल. फक्त ताईंसाठी. केस आपल्या जागी चालू दे, ही आपली माणुसकी.”

मला सगळं ठाऊक होतं. तीन गोष्टी पाठ होत्या. तरी मी कार्ड घेतलं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांपुढे फक्त तिची हनुवटी होती. वस्ती गेली खड्ड्यात, असं त्या क्षणी मला वाटलं आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. आईला दुसरं काय वाटणार?

सूनबाई आतल्या खोलीतून कुबड्या टेकत बाहेर आली. “बघू, आई.”

मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं.

“साहेब, ह्याच्या मागे काय लिहिलंय वाचलंत? ‘कंपनीच्या परवानगीनं’. मी हे घेतलं की दावा लावणारीच परवानगीनं जाते म्हणून तुम्ही कोर्टात सांगणार. मग माझ्यामागे उभी आहे ती सगळी वस्ती पुलावरून जाणार.”

“तुम्ही फार पुढचा विचार करता.”

“बोर्डावर बसते ना. फोन कुठून येतो आणि कुठे लागणार ते आधी बघावं लागतं.” तिनं कार्ड त्याच्यापुढे गल्ल्यावर ठेवलं. “आज चालत असलं तरी हे कार्ड उद्या तुम्ही बंद कराल. मला अशी वाट हवी, की जी बंद करायला तुमचा हात पोचणार नाही.”

तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. खूप ओरडले. पडून मरशील, मुलाला काय तोंड दाखवू, एवढा ताठा कशाला! तिनं सगळं ऐकून घेतलं.

“आई, तुम्ही माझ्या जागी असता तर घेतलं असतं?”

“मी त्याच्या तोंडावर फेकलं असतं!”

“मग?” ती म्हणाली, आणि टाक्यांमुळे हसता येत नव्हतं तरी हसली.

कोर्टात माझी साक्ष झाली. कारखान्याच्या वकिलानं केकचा फोटो पुढे केला. “बाई, हा केक तुमच्याच बेकरीतला? म्हणजे वाट हा उपकार आहे हे तुम्हाला मान्य होतं?”

“मला नव्हतं,” मी म्हटलं. “मी दर वर्षी ह्यांच्याशी भांडले आहे. सगळ्या वस्तीला ऐकू जायचं.”

“पण केक तर दिलात!”

“वाढदिवसाला केक दिला म्हणून कुणी जन्म दिल्याचे उपकार मानत नाही हो, वकीलसाहेब.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, “विचारलं तेवढंच सांगा.” मी तोंड मिटलं. मिटवत नव्हतं, पण मिटलं.

मग त्या वकिलानं कार्ड काढलं. कंपनीनं माणुसकीनं परवानगी देऊ केली आणि दावेदार बाईंनी ती नाकारली, म्हणजे त्यांना अडचण नाही, नुसता हट्ट आहे. चोर तो चोर, वर शिरजोर! मी उठणारच होते, आमच्या ह्यांनी माझा पदर धरून ठेवला.

न्यायाधीशबाईंनी ठरवलं, जागा स्वतः बघायची. ठरल्या सकाळी त्या आल्या, दोन्ही वकील आले, मॅनेजर आला. बोळ बघितला, नकाशा धरून पायवाटेशी ताडून बघितला. मग म्हणाल्या, “आता दुसरा रस्ता दाखवा.”

सूनबाई पुलाकडे निघाली. पहिल्या पायरीशी मी सवयीनं पुढे झाले, तर वकीलबाईंनी मला मागे ओढलं. न्यायाधीशबाई तिच्याबरोबर चढायला लागल्या. एक कुबडी वर, मग दुसरी, मग कमरेतून अंग उचलायचं, मग पाय ओढून घ्यायचे. प्रत्येक पायरीला तेच. न्यायाधीशबाई तिच्या चालीनं चालत राहिल्या. वर पोचल्यावर त्यांनीच कठडा धरला.

“तुम्ही ते कार्ड का नाकारलंत?” त्यांनी विचारलं. खाली आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

सूनबाईनं श्वास घेतला. बोर्डावरचा तिचा आवाज असतो ना, स्वच्छ, कुणालाही पोचेल असा, त्या आवाजात ती म्हणाली, “मॅडम, अडचण मला आहेच, ती तुम्ही आत्ता बघितली. पण आमच्या वस्तीत उद्या दुसऱ्या कुणाचे पाय जातील, कुणी म्हातारं होईल, कुणी पोटुशी असेल. त्यांनी कुणाच्या दारात कार्ड मागायला जायचं? माझ्या आधीची माणसं न विचारता गेली, म्हणून आज मी तुमच्यापुढे उभी राहू शकते. मी विचारलं, तर माझ्यानंतरच्यांना उभं राहायला जागा उरत नाही.”

वेल्डर माझ्या शेजारी उभा होता. एवढा दांडगा माणूस, बाहीनं डोळे पुसायला लागला. आमच्या ह्यांची तर बातच सोडा.

निकाल लागला. कारखाना येण्याआधीपासून वस्तीचा त्या वाटेवर हक्क आहे, नंतर मानलेल्या आभारांनी तो कमी होत नाही, आणि फाटक काढून टाकावं. उघडावं असं नाही, काढून टाकावं. वकीलबाईंनी ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं आणि मग आमच्या ह्यांच्या गळ्यात पडून रडल्या, म्हणजे वकील असूनही.

फाटक निघालं त्या सकाळी सगळी वस्ती बोळाच्या अलीकडे जमली होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण सूनबाईच्या पुढे कुणी पाऊल टाकेना. ती निघाली, आणि मागून आम्ही तिच्या चालीनं. पलीकडच्या टोकाला मॅनेजर उभा. हातात भला मोठा फुलांचा गुच्छ, बाजूला फोटोग्राफर. कंपनी वस्तीचं स्वागत करते, असं पेपरात यायचं असणार.

निम्म्या वाटेत सूनबाई थांबली. मागे सगळे थांबले. तिनं भिंतीला कुबड्या टेकवल्या आणि हळूहळू खाली बसली, बोळाच्या मधोमध.

मी घाबरले. “काय झालं गं? दुखतंय?”

“नाही आई. दम लागला. बसते जरा.”

वॉचमन धावत आला. “ताई, साहेब कधीचे उन्हात उभे आहेत.”

“असू देत,” ती म्हणाली. “त्यांना म्हणावं, जरा दम धरा.”

वॉचमननं साहेबाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि काय करावं ते न कळून तोही भिंतीला टेकून उभा राहिला. मग मीही बसले तिच्या शेजारी. सुईणबाई बसली. पोरं तर केव्हाच बसली होती. ती उठली ती तिला उठावंसं वाटलं तेव्हा.

टोकाला पोचली तशी मॅनेजरनं गुच्छ पुढे केला. “या, या ताई. तुमचं स्वागत आहे.”

“साहेब, माझे हात रिकामे नाहीत,” ती म्हणाली आणि कुबड्या पुढे टाकत हमरस्त्याला लागली. कामावर उशीर झाला होता.

मी तिथंच उभी राहून रडले, आणि रडता रडता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, माझी सून आहे ती. त्यांना काय, सगळ्यांना ठाऊकच होतं. तरी मी सांगत होते.